जुने फर्निचर पुन्हा वापरात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अडगळीत पडलेली खुर्ची, पाडकामातून निघालेला दरवाजा, कुणीतरी टाकून दिलेले खणांचे कपाट. अशा वस्तू पुन्हा कामाला लावू पाहणाऱ्यांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. तो इथे मुद्दाम बराच खाली ठेवला आहे. वस्तू कशाची बनली आहे, कुठे खिळखिळी झाली आहे आणि तिच्यात अपायकारक काही आहे का, एवढे कळल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वस्तू दुरुस्तीला घेण्याजोगी आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

आधी ती उलटी करा. टेबलाची खालची बाजू, खुर्चीच्या बैठकीचा तळ, कपाटाची पाठ आणि खणांची आतली बाजू या जागा कुणी सजवत नाही, त्यामुळे तिथे वस्तूची खरी अवस्था दिसते. मग सांधे तपासा. खुर्चीची पाठ एका हाताने धरून पुढे-मागे हलवा. सांधा हलत असेल तर बिघडले काहीच नाही, तो दुरुस्त होतो. पण पाय किंवा पाठीचा उभा दांडा लाकडाच्या रेषांना आडवा तुटला असेल, तर दुरुस्ती अवघड आणि भरवशाची नाही. रेषांच्या दिशेने गेलेली चीर मात्र गोंद आणि दाब यांनी उत्तम सांधते.

दुसरी कसोटी मला जास्त महत्त्वाची वाटते: ही वस्तू सुटी करता येते का? फर्निचर बनवणारे मिखाएल टोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या अवघ्या सहा भागांची होती. ते भाग दहा स्क्रू आणि दोन नटांनी जोडलेले असत. सुटी करून पाठवता यावी म्हणून ती तशी रचली होती, पण त्याच रचनेमुळे तिचा एखादा भाग बदलणेही सोपे झाले. जिथे स्क्रू, पाचर किंवा पाण्याने-उष्णतेने सुटणारा गोंद आहे तिथे हात घालता येतो. जिथे सगळे यंत्राने ठोकलेल्या पिनांनी आणि फोमने बंद केलेले आहे, तिथे उघडतानाच अर्धी वस्तू मोडते.

भरीव लाकूड, प्लाय, व्हिनिअर आणि पार्टिकल बोर्ड यांतला फरक कसा ओळखायचा?

फळीची कड पाहा. भरीव लाकडात वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात. प्लायच्या कडेला थरावर थर दिसतात. पार्टिकल बोर्डच्या उघड्या कडेला दाबलेला भुसा दिसतो, आणि एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) कड पुठ्ठ्यासारखी एकजीव असते. कड पट्टीने झाकलेली असेल तर बिजागरीचा एखादा स्क्रू काढून भोकात डोकावा.

व्हिनिअर म्हणजे साध्या लाकडावर किंवा बोर्डावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. वरची नक्षी खालच्या बाजूला जुळत नसेल तर व्हिनिअर असण्याची शक्यता मोठी. हे आधी ओळखणे फार गरजेचे आहे, कारण आजच्या व्हिनिअरची जाडी बहुधा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. त्यावर घासण्याचे मशीन फिरवले तर काही क्षणांत खालचा बोर्ड उघडा पडतो आणि त्याला परतीचा मार्ग नाही. जुन्या काळी करवतीने कापलेले व्हिनिअर यापेक्षा बरेच जाड असे, तरी हाताने, बारीक सँडपेपरने आणि रेषांच्या दिशेनेच घासावे.

व्हिनिअर म्हणजे फसवणूक, असा समज आहे. तो मनातून काढून टाका. जगातले काही अत्यंत देखणे फर्निचर व्हिनिअरचे आहे.

लाकडाला बारीक भोके आहेत. कीड जिवंत आहे का?

भोके जुनीही असू शकतात. जुन्या भोकांची आतली बाजू काळपट असते. ताजी भोके आतून फिकट दिसतात आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळतो. वस्तू गडद रंगाच्या कागदावर ठेवा, हळूच ठोका, सांडलेला भुसा पुसून टाका आणि काही आठवडे लक्ष ठेवा. पुन्हा ताजा भुसा पडला तर आत अळ्या आहेत. भुशाऐवजी मिलीमीटरभर आकाराच्या, सहा पैलूंच्या कोरड्या गोळ्या सापडल्या तर ती कोरड्या लाकडातली वाळवी समजा.

लहान वस्तूंसाठी थंडी हा सगळ्यात स्वच्छ उपाय आहे. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर ती घरातल्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी उघडायची नाही, नाहीतर लाकडावर दव जमते. मोठ्या वस्तूंसाठी बोरॅक्ससारख्या बोरॉनयुक्त क्षारांचे द्रावण वापरतात, पण ते उघड्या लाकडातच शिरते. वर पॉलिश किंवा रंग असेल तर नुसते वरून पुसल्याने उपयोग नाही. वाळवी एका वस्तूपुरती नसून घरात शिरली असेल, तर ते काम जाणकारावर सोडा.

गादी किंवा कापड लावलेल्या वस्तूंमध्ये ढेकूण तपासणे अनिवार्य. शिवणी, टाके, बैठकीखालचे कापड आणि स्क्रूंची भोके टॉर्च लावून पाहा. काळे ठिपके, कात टाकलेली सालपटे आणि मिलीमीटरभर लांबीची पांढरट अंडी ही खूण. ढेकूण अन्नाशिवाय कित्येक महिने जगतो. त्यामुळे ‘बरेच दिवस बंद खोलीत होते, आता काही नसेल’ हा तर्क चुकीचा आहे. शंका असेल तर ती वस्तू घरात आणू नका, कितीही देखणी असली तरी.

खुर्ची डगमगते. खिळा किंवा स्क्रू मारला तर चालेल का?

कृपया मारू नका. खुर्चीची दुरुस्ती जितकी बिघाडाने अवघड होते त्याहून जास्त अशा खिळ्यांनी होते. चांगल्या खुर्चीत आडव्या पट्टीचे टोक कोरून पायातल्या भोकात बसवलेले असते. त्या टोकाला सुतार कुसू म्हणतात. माणूस बसला, मागे रेलला, की सगळा जोर त्या कुसवावर येतो. तिथे खिळा मारला तर काही दिवस हालचाल थांबते, पण खिळ्याभोवतीचे लाकूड हळूहळू चिरते, आणि मग सांधा आणि लाकूड दोन्ही जातात.

योग्य वाट थोडी लांबची आहे. सैल झालेला सांधा पूर्ण सोडवायचा. त्याआधी प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून खुणा करा, कारण चारही पाय दिसायला सारखे असले तरी आपापल्या भोकातच नीट बसतात. रबरी हातोडी किंवा कापड गुंडाळलेली साधी हातोडी वापरून सांधा हळूहळू उघडा. हट्टाने चिकटलेला सांधा असेल तर गोंद कोणता आहे त्यावर उपाय ठरतो. जुन्या फर्निचरमध्ये बहुधा सरस असतो, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद. तो उष्णता आणि ओलावा यांनी मऊ होतो. दोन-तीन पिढ्यांनंतरही सांधा उघडता यावा अशी ही केवढी मोठी सोय आहे! पांढऱ्या पीव्हीए गोंदाला कोमट व्हिनेगर पिचकारीने सांध्यात सोडून थांबावे लागते. इपॉक्सी असेल तर नशिबावर भिस्त.

यानंतरची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात निर्णायक आहे: जुना गोंद खरवडून काढणे. पांढरा गोंद लाकडाच्या तंतूंत शिरून धरतो. वाळलेल्या गोंदाच्या थरावर नवा गोंद ओतला तर त्याला लाकूड मिळतच नाही. पटाशीने गोंद काढा, पण लाकूड तासू नका. तासले की कुसू बारीक होतो आणि सांधा पुन्हा सैल बसतो. आधीच सैल असेल तर कुसवाला लाकडाचा पातळ काप चिकटवून, तो वाळल्यावर मापात आणावा. लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरून सांधा घट्ट करण्याचा मोह टाळा, लांबीला भार पेलवत नाही.

शेवटी गोंद दोन्ही भागांना लावा, सांधा बसवा आणि खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून मगच क्लॅम्प (दाबून धरणारा शिकंजा) आवळा. क्लॅम्प नसेल तर पायांभोवती जाड दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पिळ द्या, हेही उत्तम काम करते. पाय वाकडे होत नाहीत ना, हे लगेच पाहा, कारण गोंद धरल्यावर दुरुस्ती नाही. २४ तास कुणालाही बसू देऊ नका. साग तेलकट लाकूड आहे, त्यामुळे गोंद लावण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा.

स्क्रू भोकात नुसता फिरतो. काय करावे?

भोकात गोंद लावलेल्या काड्या किंवा लाकडाचे बारीक काप ठासून भरा, वाळू द्या, बाहेर आलेला भाग कापा आणि बारीक भोक पाडून तोच स्क्रू लावा. मोठा स्क्रू लावणे हा शेवटचा उपाय, कारण बिजागरीची खाच मूळ स्क्रूच्या डोक्याएवढीच असते.

जुने पॉलिश काढून टाकावे की राहू द्यावे?

शक्यतो राहू द्यावे. पुष्कळदा जे ‘खराब झालेले पॉलिश’ दिसते ते वर्षानुवर्षे साचलेला तेलकट मळ आणि मेण असते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, घट्ट पिळलेले कापड, आणि लगेच कोरड्या कापडाने पुसणे, एवढ्यावर कित्येक टेबले उजळतात. मेणाचे थर असतील तर मिनरल टर्पेंटाइनने पुसा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको.

तरीही समाधान झाले नाही तर पॉलिश कोणते आहे ते तपासा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे, म्हणजे चपडीचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि लॅकर थिनरने मऊ झाले, तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हलले नाही तर तेलाचे व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन समजावे.

ही चाचणी करण्यामागे कारण आहे. चपडी स्पिरिटमध्ये पुन:पुन्हा विरघळते. त्यामुळे लाखेचे जुने पॉलिश खरवडण्याची गरजच नसते. त्यावर स्पिरिटने ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की ओरखडे आणि बारीक भेगा एकमेकांत मिसळतात, आणि चपडीचा एखादा नवा पातळ हात दिला की तो जुन्यात एकजीव होतो. पॉलियुरेथेनचे तसे नाही. त्याचे पोपडे निघू लागले की तो थर काढावाच लागतो.

टेबलावर गोल डाग पडले आहेत. जातील का?

पांढरा डाग असेल तर ओलावा पॉलिशच्या थरात अडकला आहे, लाकूड शाबूत आहे. डागावर सुती कापड ठेवून कमी तापवलेली इस्त्री काही सेकंद फिरवा, उचला, पाहा, गरज वाटल्यास पुन्हा फिरवा. लाखेच्या पॉलिशवर किंचित ओलसर स्पिरिटचा झरझर हात पुरतो.

काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचले आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोहाशी प्रक्रिया झाली. लोखंडी खिळ्याभोवतीही असाच काळा डाग पडतो. तिथे घासून उपयोग होत नाही, कारण डाग खोल असतो. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावले की तो उतरतो. हे आम्ल विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घाला. द्रावण वाळल्यावर मागे राहिलेली पूड कोरडी घासून उडवू नका, भरपूर पाण्याने पुसून काढा.

जुन्या रंगात शिसे असते म्हणतात. कितपत घाबरायचे?

घाबरण्याऐवजी गृहीत धरा. वस्तू किती जुनी आहे याची खात्री नसेल तर तिच्या रंगात शिसे आहे असे समजूनच काम करा. अमेरिकेने घरगुती वापराच्या रंगांत आणि फर्निचरवर शिशाच्या रंगाला १९७८ मध्ये बंदी घातली, कित्येक देशांत ती पुष्कळ उशिरा आली. आता अनेक देशांच्या कायद्यांत रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग एवढी आहे. रक्तात शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले अशा कामाच्या आसपासही नकोत.

घट्ट बसलेला रंग स्वतःहून धोका करत नाही, धोका धुळीत आहे. म्हणून कोरडे घासायचे नाही आणि ज्योतीने रंग जाळायचा नाही. जास्त तापलेल्या हीट गनने शिशाची वाफ होते, तीही नको. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, योग्य दर्जाचा रेस्पिरेटर लावा (साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे) आणि काम झाल्यावर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. सगळ्यात चांगला पर्याय कित्येकदा हाच असतो की रंग काढूच नये, घट्ट असेल तर वर नवा प्राइमर (रंगाआधीचा पायाचा थर) आणि रंग देऊन तो बंद करावा. मुलांच्या तोंडात जाऊ शकेल अशा वस्तूला मात्र हा पर्याय नाही.

रंग काढायची केमिकल वापरावीत का?

डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मिथिलीन क्लोराइड, असलेले द्रावण वापरू नका. ते श्वासावाटे शरीरात गेले की त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते. बंद न्हाणीघरात बाथटबचा रंग काढताना त्याने माणसे दगावलेली आहेत. युरोपीय संघाने आणि नंतर २०१९ मध्ये अमेरिकेने सामान्य ग्राहकांना ते रंग काढण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. डब्यावरची घटकांची यादी वाचा. सौम्य जेल प्रकारची द्रावणे हळू चालतात, कधी रात्रभर ठेवावी लागतात, पण तो वेळ द्यावा.

आता रंगाकडे येऊ. रंग लावावा की लाकूड तसेच दाखवावे?

भरीव, चांगल्या रेषांचे लाकूड रंगाखाली झाकू नये, असे मला मनापासून वाटते. साग, शिसम, ओक, अक्रोड यांचा रंग वयानुसार मुरत जातो. तो एकदा झाकला की पुन्हा बाहेर काढायला रंधा किंवा केमिकल लागते. उलट साधे पाइन, ठिगळे लावलेले कपाट, डाग पडलेला प्लाय यांना रंगाने खरोखर नवे रूप मिळते.

रंग टिकतो तो खालच्या तयारीमुळे. आधी तेलकटपणा धुऊन काढा, विशेषतः मुठींभोवतीचा. मग १२० ते १५० क्रमांकाच्या सँडपेपरने नुसती चकाकी मोडेपर्यंत घासा. धूळ पुसा. प्राइमर लावा. पाइनच्या गाठींतून राळ पाझरते आणि जुन्या गडद लाकडातून तपकिरी रंग वर येतो, तिथे लाखेचा प्राइमर हवा. लाख जवळजवळ कशालाही चिकटते आणि तिच्यावर जवळजवळ काहीही चिकटते. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी सरस. आणि घाई नको: रंग काही तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. त्याआधी फळीवर पुस्तके रचली की ती चिकटतात.

चॉक पेंट या खडूसारख्या मंद पोताच्या रंगाचे नाव फार ऐकू येते. अ‍ॅनी स्लोन या रंगतज्ज्ञांनी तो १९९० मध्ये आणला. प्राइमरशिवाय चालतो ही त्याची सोय आहे. पण वर मेण किंवा व्हार्निश दिले नाही तर तो डाग धरतो, आणि रोज पाणी सांडणाऱ्या टेबलावर मेण पुरत नाही.

जवसाचे तेल लावणे सुरक्षित आहे का?

तेल सुरक्षित, तेलाची चिंधी नाही. जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यात उष्णता निघते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि चिंधी आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच तेलाच्या चिंध्यांतून सुरू झाली होती. त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. काम संपले की चिंधी बाहेर मोकळ्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. ‘उद्या उचलू’ म्हणून तशीच सोडू नका.

वेताची बैठक खाली बसली आहे. नवी विणावी लागेल?

एकही धागा तुटलेला नसेल तर लागणार नाही. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूला गरम पाण्याचे ओले कापड ठेवा आणि वेत चांगला भिजू द्या. वरची चकचकीत साल पाणी शोषत नाही, म्हणून खालूनच भिजवायचा. मग कुणालाही न बसवता सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळताना वेत आकसतो आणि बैठक ताणली जाते.

धागे तुटले असतील तर चौकट पाहा. कडेने भोकांची रांग असेल तर ती हाताने विणलेली बैठक आहे. भोके नसून कडेने खाच आणि तीत ठोकलेली गोल काडी असेल, तर तयार जाळी बसवलेली आहे. जाळी बदलणे नवशिक्यालाही जमते: जुनी काडी काढा, खाच साफ करा, नवी जाळी भिजवून खाचेत दाबा, गोंद आणि नवी काडी ठोका. हाताने विणायला चिकाटी लागते, पण ते शिकण्यासारखे आहे. हे काम अंगात भिनले की मन इतके शांत होते की पुढची खुर्ची आपणच शोधू लागतो.

गादी आणि फोम तसेच ठेवता येतील का?

बोटात चुरा होणारा फोम टाकून द्या. २००४ च्या आसपास बंद होईपर्यंत फोममध्ये आग रोखण्यासाठी पेंटाबीडीई प्रकारची ब्रोमीनयुक्त रसायने सर्रास वापरत, आणि चुऱ्याबरोबर तीही धुळीत मिसळतात. नवा फोम घेताना जाडीपेक्षा घनता विचारा. रोज बसायच्या जागी घनमीटरला ३० किलोच्या वरचा फोम लवकर बसत नाही. जुने कापड फाडून टाकू नका, एकेक तुकडा सुटा करून जपा, नवे कापड कापायला तेच माप. निवारीच्या पट्ट्या सैल असतील तर नवा फोम घालण्याआधी त्या बदला, नाहीतर वरचा खर्च फुकट जातो.

पॅलेटचे लाकूड घरात वापरावे का?

शिक्का वाचून. पॅलेट म्हणजे माल रचून उचलायचा लाकडी पाट. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी वेष्टनांसाठी २००२ पासून आयएसपीएम १५ हा नियम आहे आणि त्याचा शिक्का पॅलेटवर भाजून किंवा छापून उमटवलेला असतो. त्यात गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची दोन रोमन अक्षरे असतात. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे दिलेले, हे घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, हे घरात आणू नका. शिक्काच नसेल तर ते देशातल्या देशात फिरलेले असू शकते, पण त्याच्यावर काय केले ते कळायला मार्ग नाही. चांगला शिक्का असला तरी त्यावर काय सांडले हे शिक्का सांगत नाही. तेलकट डाग किंवा उग्र वास असेल तर सोडून द्या, आणि अन्न ठेवायच्या पृष्ठभागाला पॅलेट वापरूच नका. खिळे उपसताना फळ्या चिरतात, म्हणून लोखंड कापायच्या पात्याने खिळे मधूनच कापणे बरे.

जुन्या दरवाजा-खिडक्यांचे काय करता येते?

भरीव दरवाजाचे टेबल करता येते, पण दोन गोष्टी पाळा. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या दमटपणाबरोबर फुगते आणि आकसते. म्हणून दरवाजा खालच्या चौकटीला गोंदाने पक्का चिकटवू नका. लांबट भोकांतून स्क्रू लावा, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. आत पोकळ असलेला दरवाजा टेबलाचा भार सहसा पेलत नाही. खिडकीची चौकट आरशासाठी सुंदर दिसते. मात्र जुनी काच फुटली की तिचे धारदार लांब तुकडे होतात, ती टेबलाच्या वर किंवा मुलांच्या उंचीवर नको. तिथे टेम्पर्ड, म्हणजे फुटल्यावर बोथट बारीक तुकडे होणारी, काच घाला.

खण अडकतात आणि कपाटाला कुबट वास येतो.

खणाच्या सरकत्या कडांवर मेणबत्ती घासा. वासासाठी खण बाहेर काढून कोरड्या हवेत ठेवा, आतून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा. तरी राहिला तर आतल्या उघड्या लाकडाला चपडीचा पातळ हात द्या, वास आत बंद होतो. अत्तर शिंपडून काही होत नाही.

गंजलेल्या कड्या, बिजागऱ्या आणि मुठी?

लोखंडी भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवा आणि तेल किंवा मेण लावा. पितळी दिसणारी वस्तू आधी चुंबकाला लावून पाहा. चिकटली तर ती वरून मुलामा दिलेले लोखंड आहे, जोरात घासली की मुलामा जातो. खऱ्या पितळेला आरशासारखे चमकवायचे की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे. हाताळून आलेला मंद तपकिरी रंग मला जास्त आवडतो.

लहान मुलांच्या घरात कोणती जुनी वस्तू नको?

जुना कठड्याचा बेबी कॉट बाळाला झोपवण्यासाठी वापरू नका. गजांमधले अंतर साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. कठडा खाली सरकवता येणारे कॉट बाळांच्या मृत्यूंनंतर अमेरिकेत २०११ मध्ये विक्रीतून बाद झाले. जुना रेफ्रिजरेटर किंवा कडीची मोठी पेटी साठवणीला वापरणार असाल तर कडी आधी काढून टाका. मुले लपायला आत शिरत आणि दार बाहेरूनच उघडत असल्याने गुदमरत. म्हणून रेफ्रिजरेटरचे दार आतून उघडता आले पाहिजे, असा कायदा अमेरिकेला १९५६ मध्ये करावा लागला. आणि खणांचे प्रत्येक उंच कपाट भिंतीला पट्टीने बांधा. मूल उघड्या खणांवर चढले की कपाट पुढे कोसळते.

जुन्या दिव्यांची वायरही याच यादीत धरा. आवरण कडक झालेली, तडकलेली वायर चिकटपट्टीने दुरुस्त करू नका. प्लगपासून होल्डरपर्यंत सगळी नवी घाला, धातूच्या दिव्याला अर्थिंग द्या आणि जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

पार्टिकल बोर्डचे कपाट वाचवण्यात अर्थ आहे का?

पाणी लागून फुगले नसेल तर आहे. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. चांगला असेल तर उघड्या कडा रंग किंवा पट्टीने बंद करा. कापलेल्या ताज्या कडेतून फॉर्मल्डिहाइड हा बोर्डाच्या गोंदातला अपायकारक वायू जास्त सुटतो, त्यासाठीही हे हवे. स्क्रू आणि बिजागऱ्या जपून काढा. या कपाटांना तुच्छ लेखणे मला पटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार तिथे २०१८ या एका वर्षात फर्निचर आणि सजावटीचा १ कोटी २१ लाख टन कचरा झाला आणि त्यातला सुमारे ८० टक्के जमिनीत पुरला गेला. साधे कपाट आणखी काही वर्षे माळ्यावर, गॅरेजमध्ये वापरले गेले तर तेही काम मोलाचेच.

वस्तू मौल्यवान निघाली तर?

थांबा. लेबल, शिक्का, हाताने कापलेले डव्हटेल (पंख्याच्या आकाराच्या दातांचे) सांधे, खालच्या बाजूला रंध्याच्या लाटा दिसल्या तर काहीही घासण्याआधी जुन्या फर्निचरच्या जाणकाराला दाखवा. मूळ पॉलिश काढलेल्या वस्तूची किंमत बहुधा घसरते, आणि तिच्या घडणीची साक्षही पुसली जाते.

वाचवता आलीच नाही तर काय ठेवावे?

सुटी करा आणि कामाचे वेगळे काढा. कोरडे, मुरलेले भरीव लाकूड पुढच्या दुरुस्तीत ठिगळाला सोन्यासारखे उपयोगी पडते, कारण त्याच वयाचा रंग नव्या फळीला येत नाही. जुने स्क्रू, किल्ल्या, कुलपे, मुठी आणि व्हिनिअरचे धड तुकडेही ठेवा. एकटे पडलेले खणसुद्धा टाकू नका. डच डिझायनर तेयो रेमी यांनी १९९१ मध्ये निरनिराळ्या कपाटांचे सापडलेले खण घेतले, प्रत्येकाला मेपलचे नवे खोके केले आणि सगळे एका पट्ट्याने आवळून कपाट बनवले. घरी इतके करायची गरज नाही. एका खणाला मागून दोन भक्कम स्क्रूंनी भिंतीत बसवले की तो फळीचे काम करतो. मात्र तळ खणाच्या खाचेत सैल बसवलेला असतो हे विसरू नका. त्यावर जड काही ठेवायचे असेल तर खालून दोन आडव्या पट्ट्या लावा.